बाग राजाची, पण नाव निघतं ते स्वयंपाक्याच्या पोराचं; इराणच्या 'बाग-ए-फिन'मध्ये अमीर कबीरसोबत काय झालं होतं?

तारीख 10 जानेवारी 1852. ठिकाण इराणमधलं काशान शहर. वाळवंटाच्या काठावरच्या या शहराजवळ राजाची एक बाग आहे. उंच भिंती, सरळ रांगेत उभी सुरूची झाडं, निळ्या फरशांच्या पाटातून वाहणारं पाणी आणि मधोमध राजाचा महाल. याच बागेच्या एका कोपऱ्यात हमाम आहे, म्हणजे शाही न्हाणीघर.

त्या दिवशी या हमाममध्ये एक माणूस आंघोळीला गेला आणि जिवंत बाहेर आलाच नाही.

तो माणूस काही साधासुधा नव्हता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तो इराणचा पंतप्रधान होता. राजाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. आणि त्याला मारायचा हुकूम ज्या राजानं दिला, त्या राजाला गादीपर्यंत त्यानंच पोहोचवलं होतं.

त्याचं नाव मिर्झा तकी खान. जग त्याला ओळखतं ते अमीर कबीर या नावानं.

आज पावणेदोनशे वर्षांनंतरही लोक या बागेत गर्दी करतात. बाग बांधणाऱ्या राजाचं नाव किती जणांच्या लक्षात राहतं माहीत नाही, पण हमामच्या दारात आलं की अमीर कबीरचं नाव निघतंच. आणि हा अमीर कबीर होता एका स्वयंपाक्याचा पोरगा.

स्वयंपाक्याचा पोरगा पंतप्रधान कसा झाला आणि राजाच्या बागेतच त्याचा शेवट का झाला, हेच आज बघू.

पण त्याआधी बागेबद्दल थोडं.

या बागेचं नाव 'बाग-ए-फिन'. फिन हे काशानच्या शेजारचं गाव, त्यावरून हे नाव पडलं. राजाची बाग म्हणून तिला 'बाग-ए-शाह' असंही म्हणायचे. 'बाग' हा शब्द आपल्याला नवीन नाही. मराठीत तो फारसीतूनच आलाय. बागेतल्या तळ्याला तिकडं 'हौज' म्हणतात, आपण त्याचाच हौद केला.

इराणी लोकांचं बागेचं वेड फार जुनं. जुन्या इराणी भाषेत भिंतीनं वेढलेल्या जागेला 'पइरिदएझा' असा शब्द होता. यातला 'पइरि' म्हणजे भोवताली. आपल्या 'परिघ', 'परिसर' या शब्दांतला 'परि' याचाच भाऊ. हा शब्द ग्रीकांनी उचलला आणि फिरत फिरत तो इंग्रजीत पोहोचला, पॅराडाईज होऊन. अरबीत त्याचा फिरदौस झाला. म्हणजे स्वर्गासाठी आपण जो शब्द वापरतो, त्याचा मूळ अर्थ काय, तर भिंत घातलेली बाग.

ज्यांच्या घराबाहेर चहूबाजूंनी वाळवंट आहे, त्यांना पाणी आणि सावली म्हणजेच स्वर्ग वाटणार, हे ओघानं आलंच.

आज दिसते ती फिनची बाग सफवी घराण्याच्या शाह अब्बास पहिल्याच्या काळात उभी राहिली. हा मुघल बादशहा अकबर आणि जहांगीर यांचा समकालीन. पुढं काजार घराण्याच्या फतेह अली शाहनं बागेची डागडुजी केली, नवीन इमारती बांधल्या.

बागेतली खरी करामत आहे पाण्याची. मागच्या डोंगराकडून सुलेमानिया नावाच्या झऱ्याचं पाणी येतं. ते बागेपेक्षा उंचावर साठवलं जातं आणि तिथून मातीच्या नळांतून खाली सोडलं जातं. उंचावरून येणाऱ्या पाण्याला जो दाब मिळतो, त्यावर बागेतली सगळी कारंजी उडतात. पंप नाही, मोटार नाही. फक्त उताराचा हिशेब. 2011 साली युनेस्कोनं इराणमधल्या नऊ बागांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात फिनचं नाव आहे.

तर अशी ही बाग. आता त्या माणसाची गोष्ट.

मिर्झा तकी खानचा जन्म 1807 च्या सुमारास झाला. गाव हजावेह, आताच्या अराक शहराजवळ. वडिलांचं नाव करबलाई कुर्बान. ते कायम-मकाम नावाच्या बड्या घराण्यात स्वयंपाकी होते. हे घराणं म्हणजे दरबारातलं वजनदार नाव. त्यातला मिर्झा अबुल कासिम कायम-मकाम हा पुढं देशाचा पंतप्रधान झाला. तो स्वतः मोठा लेखक होता.

तकीच्या लहानपणाची एक गोष्ट इराणमध्ये घरोघरी सांगितली जाते. मालकाच्या मुलांना शिकवायला शिक्षक यायचे. तकी त्यांच्यासाठी जेवणाचं ताट घेऊन जायचा आणि रिकामं ताट परत न्यायच्या निमित्तानं दाराशी उभा राहायचा. आत जे शिकवलं जायचं, ते बाहेर उभा राहून ऐकायचा. एक दिवस मालकानं मुलांची परीक्षा घेतली. मुलं गप्प. उत्तरं दिली ती दाराशी उभ्या असलेल्या तकीनं. मालकानं बक्षीस विचारलं, तर पोरानं पैसे मागितले नाहीत, शिकायला बसू द्या म्हणून हट्ट धरला.

गोष्टीत तिखट-मीठ किती हा भाग वेगळा, पण कायम-मकामनं या पोराला शिकवलं आणि पुढं सरकारी नोकरीत आणलं, एवढं मात्र खरं.

त्याला काम मिळालं ते अझरबैजान प्रांतातल्या फौजेत, लश्करनवीस म्हणून. लश्करनवीस म्हणजे सैन्याच्या नोंदी आणि हिशेब ठेवणारा. फडणवीस, चिटणीस या आपल्या आडनावांच्या मागं जो 'नवीस' लपलाय ना, तोच हा. नवीस म्हणजे लिहिणारा. थोडक्यात काय, तर तकी खानची सुरुवात कारकुनीतून झाली.

पण या कारकुनाला लवकरच जग बघायची संधी मिळाली, आणि तीसुद्धा एका खुनामुळं.

झालं असं की, 1828 मध्ये इराण रशियाविरुद्धचं युद्ध हरला. तुर्कमानचायचा तह झाला. कॉकेशसमधला मोठा मुलूख हातचा गेला आणि वर जबर नुकसानभरपाई द्यावी लागणार होती. पुढच्याच वर्षी तेहरानमध्ये जमावानं रशियाच्या वकिलातीवर हल्ला केला. त्यात रशियाचा राजदूत अलेक्झांडर ग्रिबोयेदोव मारला गेला. हा राजदूत रशियातला नावाजलेला नाटककार होता.

आता रशिया पुन्हा चालून येणार, ही भीती होती. म्हणून माफी मागायला शाहच्या नातवाला, खुसरो मिर्झाला, थेट सेंट पीटर्सबर्गला पाठवलं गेलं. त्याच्या लवाजम्यात तरुण तकी खान होता.

या शिष्टमंडळानं झारसाठी भेट म्हणून एक हिरा नेला होता. आणि इथं येतं आपल्या महाराष्ट्राचं कनेक्शन.

हा हिरा 'शाह डायमंड' म्हणून ओळखला जातो. वजन 88.7 कॅरेट. त्यावर तीन राजांची नावं कोरलेली आहेत. दुसरं नाव शाहजहानचं, तिसरं इराणच्या फतेह अली शाहचं. आणि पहिलं नाव आहे बुऱ्हाण निजामशाह दुसरा, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा सुलतान. साल हिजरी 1000, म्हणजे 1591. नगरकरांच्या सुलतानाचा हिरा मुघलांकडं गेला, नादिरशाहच्या लुटीत इराणला पोहोचला आणि एका राजदूताच्या खुनाची भरपाई म्हणून रशियाला गेला. आज तो मॉस्कोत क्रेमलिनमध्ये आहे.

झारनं माफी स्वीकारली. नुकसानभरपाईचा काही भागही माफ केला. पण तकी खानसाठी या प्रवासातली कमाई वेगळी होती. त्यानं रशियातल्या शाळा पाहिल्या, कारखाने पाहिले, सैन्याची शिस्त पाहिली. आपण हरलो ते नशिबानं नाही, तर मागं राहिल्यामुळं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

परत आल्यावर काही वर्षांत त्याला आणखी एक धडा मिळाला. हा जास्त कडू होता.

1835 मध्ये त्याचा आश्रयदाता कायम-मकाम इराणचा पंतप्रधान होता. मोहम्मद शाहला गादीवर बसवण्यात त्याचाच मोठा हात होता. पण खर्चावर लगाम घालणारा पंतप्रधान दरबाऱ्यांना नको होता. त्यांनी शाहचे कान भरले. शाहनं त्याला तेहरानच्या निगारिस्तान नावाच्या शाही बागेत बोलावून घेतलं. तिथल्या महालात काही दिवस डांबून ठेवलं आणि मग गळा आवळून मारलं.

लक्षात घ्या, राजाला गादी मिळवून देणारा पंतप्रधान, दरबाऱ्यांचा कट आणि राजाची बाग. सतरा वर्षांनी नेमकं हेच तकी खानच्या वाट्याला येणार होतं.

पण ते पुढचं. तोपर्यंत तकी खान एकेक पायरी चढत राहिला. फौजेचा मुख्य हिशेबनीस झाला, नंतर अझरबैजानच्या फौजेचा वजीर झाला. 1843 मध्ये इराण आणि ऑटोमन तुर्कस्तान यांच्यात सरहद्दीवरून भांडण पेटलं. बोलणी करायला त्याला एर्झुरुमला पाठवलं गेलं. जवळजवळ चार वर्षं तो तिथं तळ ठोकून होता. 1847 मध्ये तह झाला. या काळात शेजारच्या तुर्कस्तानात चाललेल्या सुधारणाही त्यानं जवळून बघितल्या.

मग आलं 1848. मोहम्मद शाह तेहरानमध्ये वारला. युवराज होता नासिरुद्दीन शाह. नाही, आपला अभिनेता नव्हे. हा काजार घराण्याचा वारस, वय वर्षं सतरा, मुक्काम तब्रीझ. राजधानी शेकडो किलोमीटर दूर आणि युवराजाकडं प्रवासापुरतेही पैसे नाहीत, अशी अवस्था. गादीवर डोळा असलेले नातेवाईक कमी नव्हते.

अशा वेळी तकी खान पुढं आला. त्यानं पैसा उभा केला, फौज गोळा केली आणि या पोराला सुरक्षित तेहरानला आणून गादीवर बसवलं.

शाहनं त्याला पंतप्रधान केलं. फौजेचा प्रमुख म्हणून 'अमीर निजाम' ही पदवी आधीच मिळाली होती. आता तो 'अमीर कबीर' झाला. अमीर म्हणजे सरदार आणि कबीर म्हणजे थोर. आपल्या संत कबीरांच्या नावातला शब्द तोच. आपल्याकडं या नावाचा एक विणकर झाला, तिकडं ही पदवी एका स्वयंपाक्याच्या मुलाला मिळाली.

1849 मध्ये शाहनं आपल्या सख्ख्या बहिणीशी, इज्जत-उद-दौलाशी, त्याचं लग्न लावून दिलं. नवरी अगदीच कोवळ्या वयाची होती आणि नवरा चाळिशी ओलांडलेला. हे राजकारणातलं लग्न होतं. पण पुढं काय झालं ते बघितलं तर या लग्नानं दरबारातल्या सगळ्या नात्यांना लाजवलं.

अमीर कबीरला सत्ता मिळाली जेमतेम तीन वर्षं. तेवढ्यात त्यानं जे केलं, त्याची यादी मोठी आहे.

तिजोरीत खडखडाट होता. शेकडो शहजादे, दरबारी आणि त्यांचे पाहुणे काहीही काम न करता सरकारी वेतनावर जगत होते. अमीर कबीरनं या सगळ्यांच्या वेतनाला कात्री लावली. शाहचा खर्चसुद्धा त्यातून सुटला नाही. करवसुलीचा हिशेब नीट लावला. लाचखोरीवर हात टाकला. दरबारात एकमेकांना लांबलचक पदव्या लावून हाक मारायची पद्धत होती, ती त्याला मुळीच आवडायची नाही. तीही त्यानं आवरली.

देवीच्या साथीत हजारो मुलं दगावत होती. त्यानं देवीची लस टोचायची मोहीम सुरू केली. 1851 मध्ये सरकारी वर्तमानपत्र सुरू केलं, नाव 'वकाये-ए-इत्तेफाकिया'. देशात काय चाललंय आणि जगात काय चाललंय, हे अधिकाऱ्यांना आणि लोकांना कळावं, हा हेतू.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे 'दार-उल-फुनून'. ही इराणमधली आधुनिक पद्धतीची पहिली मोठी शिक्षणसंस्था. तिथं तोफखाना, इंजिनिअरिंग, वैद्यक, औषधशास्त्र, खाणकाम असे विषय शिकवले जाणार होते. शिक्षक युरोपातूनच आणावे लागणार होते. पण कुठून? रशिया आणि ब्रिटन दोघंही इराणवर टपून बसलेले. त्यांचे मास्तर आणले तर त्यांचं राजकारणही सोबत येणार. म्हणून अमीर कबीरनं माणूस पाठवला तो थेट ऑस्ट्रियाला. ज्या देशाला इराणमध्ये काही मिळवायचं नव्हतं, त्या देशाचे शिक्षक आणायचे, हा त्यामागचा हिशेब.

आता सगळं गोड गोड सांगून चालणार नाही. त्याच्या कारकिर्दीची एक काळी बाजूही आहे. त्या काळात इराणमध्ये बाब नावानं ओळखल्या जाणाऱ्या धर्मगुरूचा नवा पंथ वाढत होता. ठिकठिकाणी त्याचे अनुयायी आणि सरकारी फौज यांच्यात लढाया झाल्या. अमीर कबीरनं हा पंथ निर्दयपणे चिरडला. 1850 च्या जुलैमध्ये तब्रीझला बाबला गोळ्या घालून मारण्यात आलं, ते त्याच्याच आदेशानं. दिल्लीचं लोटस टेंपल ज्या बहाई धर्माचं आहे, तो धर्म बाबला आपला अग्रदूत मानतो. म्हणून बहाई लोकांच्या इतिहासात अमीर कबीर नायक नाही.

तर हा असा माणूस. कामाला वाघ आणि हाताला कडक. अशा माणसाला शत्रू मिळायला वेळ लागत नाही.

ज्यांचं वेतन कापलं ते शहजादे चिडले होते. ज्यांच्या लाचा बंद झाल्या ते अधिकारी चिडले होते. पण सगळ्यात मोठी शत्रू घरातच होती. ती म्हणजे राजमाता महद-ए-उलिया, शाहची आई आणि अमीर कबीरची सासू. राज्यकारभारात तिला हात हवा होता आणि जावई तो घालू देत नव्हता. तिच्यासोबत होता मिर्झा आका खान नूरी. त्याला पंतप्रधान व्हायचं होतं.

दोघांनी तरुण शाहच्या मनात एकच गोष्ट भरवली. फौज अमीरच्या हातात आहे, तिजोरी अमीरच्या हातात आहे, मग राजा नेमका कोण?

वीस वर्षांच्या पोराला ही गोष्ट लागली. नोव्हेंबर 1851 मध्ये शाहनं अमीर कबीरला पंतप्रधानपदावरून काढलं. पहिल्यांदा फौजेचं काम त्याच्याकडंच ठेवलं होतं. पण तेवढ्यात रशियाच्या वकिलानं मध्ये पडून अमीर कबीरला आपलं संरक्षण देऊ केलं. मदत करायला गेले आणि घात झाला. परकी सत्ता आपल्या नोकराच्या बाजूनं उभी राहते, हे बघून शाह आणखी भडकला. उरलीसुरली पदंही काढून घेतली आणि अमीर कबीरला काशानला पाठवायचा हुकूम सुटला.

तेहरानपासून काशान सुमारे 240 किलोमीटर. मुक्काम, बाग-ए-फिन.

इथं इज्जत-उद-दौला काय करते बघा. तिचा भाऊ राजा होता, आई राजमाता होती. तेहरानच्या महालात राहिली असती तर तिला कुणी बोट लावलं नसतं. पण ती लहानग्या मुलींना घेऊन नवऱ्यासोबत निघाली. आपण जवळ असलो तर त्याला कुणी मारणार नाही, एवढीच तिची आशा. बागेत ती सावलीसारखी त्याच्यासोबत राहायची. विषाची भीती होती, म्हणून त्याच्या ताटातला घास आधी स्वतः खायची, असं सांगतात. स्वयंपाक्याच्या मुलाचं जेवण राजाची बहीण चाखून बघत होती.

असे सुमारे चाळीस दिवस गेले.

तिकडं तेहरानमध्ये ऑस्ट्रियाहून शिक्षक पोहोचले होते. त्यांना बोलावणारा माणूस तोपर्यंत पदावरून गेला होता. तरी डिसेंबरच्या शेवटी दार-उल-फुनून सुरू झालं. ज्यानं हे स्वप्न बघितलं, तो त्या वेळी बागेच्या भिंतीआड कैदेत होता.

आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत मारेकरी निघाले.

शाहकडून मृत्यूचा हुकूम मिळवण्यात आला होता. तो घेऊन आला फर्राशबाशी हाजी अली खान, म्हणजे शाही सेवकांचा प्रमुख. याला वर आणण्यात अमीर कबीरचाच हात होता. असं सांगितलं जातं की, शाहचा राग गेलाय, मानाचा पोशाख येतोय, अशी हूल आधी उठवण्यात आली. पोशाख स्वीकारायचा तर आंघोळ करायला हवी. चाळीस दिवसांत इज्जत-उद-दौला नवऱ्यापासून लांब गेली नव्हती, पण हमाममध्ये ती सोबत जाऊ शकत नव्हती.

मारेकऱ्यांना हीच वेळ हवी होती.

हमामचे दरवाजे बंद झाले. अमीर कबीरच्या हातांच्या नसा कापण्यात आल्या. ज्या बागेत डोंगरावरून आलेलं पाणी रात्रंदिवस खळाळत असतं, तिच्या न्हाणीघरात त्या दिवशी रक्त वाहिलं. वय पंचेचाळीसच्या आसपास.

इज्जत-उद-दौलाला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं.

खून लपवायचा प्रयत्नही झाला. अमीर कबीर आजारी पडून वारला, अशी बातमी सरकारी वर्तमानपत्रात छापून आली. कुठल्या वर्तमानपत्रात? तर 'वकाये-ए-इत्तेफाकिया'मध्ये. लोकांना खरं कळावं म्हणून त्यानं जे वर्तमानपत्र काढलं होतं, त्याच वर्तमानपत्रानं त्याच्या मरणाची खोटी बातमी दिली.

त्याला आधी काशानलाच पुरलं होतं. पण काही महिन्यांनी इज्जत-उद-दौलाच्या खटपटीनं त्याचं पार्थिव करबलाला नेण्यात आलं. शिया मुसलमानांसाठी करबला म्हणजे सगळ्यात पवित्र भूमींपैकी एक. नवऱ्यासाठी तिला जे करता आलं ते हेच. तिच्या स्वतःच्या नशिबात मात्र काय आलं? नूरी पंतप्रधान झाला आणि त्याच्याच मुलाशी तिचं लग्न लावून देण्यात आलं. ज्यानं नवऱ्याला संपवलं, त्याच्या घरात तिला सून म्हणून जावं लागलं.

नूरीचंही फार काळ चाललं नाही. 1858 मध्ये शाहनं त्याला हाकललं. नासिरुद्दीन शाह मात्र जवळजवळ अर्धं शतक राज्य करत राहिला. युरोपच्या वाऱ्या केल्या, फोटोग्राफीचा नाद केला, महाल बांधले. परदेशी कंपन्यांना सवलती विकल्या. तंबाखूची मक्तेदारी एका ब्रिटिश माणसाला दिली, तेव्हा सगळा देश रस्त्यावर उतरला आणि ती रद्द करावी लागली. उतारवयात अमीर कबीरला मारल्याचा त्याला पश्चात्ताप झाला, असं म्हणतात. 1896 मध्ये तेहरानजवळच्या एका दर्ग्यात त्याला गोळी घालून मारण्यात आलं.

पण गोष्टीतला सगळ्यात मोठा ट्विस्ट अजून बाकी आहे.

अमीर कबीर आणि इज्जत-उद-दौला यांना दोन मुली होत्या. त्यातल्या ताज-उल-मुलूकचं लग्न युवराज मुझफ्फरुद्दीनशी झालं. म्हणजे ज्यानं बापाला मारायचा हुकूम दिला, त्याच्याच मुलाशी. मुझफ्फरुद्दीन पुढं शाह झाला. त्यानंतर गादीवर आला मोहम्मद अली शाह, ताज-उल-मुलूकचा मुलगा. त्याच्यानंतर अहमद शाह, काजार घराण्याचा शेवटचा राजा. 1925 मध्ये हे घराणं संपलं.

म्हणजे काजारांनी ज्याला न्हाणीघरात संपवलं, त्याचं रक्त शेवटच्या दोन काजार राजांच्या अंगात होतं. त्याचा नातू आणि पणतू इराणच्या गादीवर बसले.

आता या वारशाचा शेवट गोड झाला असंही नाही. याच नातवानं 1908 मध्ये तोफा लावून इराणची नवी संसद उडवली. आजोबानं शाळा काढली, नातवानं संसदेवर तोफा डागल्या. रक्तातून बुद्धी येतेच असं नाही.

दार-उल-फुनून मात्र टिकलं. तिथं शिकवायला आलेल्या डॉक्टर याकोब पोलाकनं फारसीत वैद्यकाची पुस्तकं तयार केली. तिथून डॉक्टर, इंजिनिअर, अनुवादक, अधिकारी बाहेर पडले. पुढच्या पिढ्यांनी राजाकडं राज्यघटना मागितली, त्यामागं या नव्या शिक्षणाचाही हात होता. आज तेहरानमधल्या मोठ्या तंत्रज्ञान विद्यापीठाला अमीर कबीरचं नाव आहे. करज नदीवरच्या धरणालाही त्याचंच नाव आहे. 1979 ची क्रांती झाली, शाह गेले, शाहांची नावं पुसली गेली. पण अमीर कबीर हे नाव शाहांच्या राज्यात चाललं आणि त्यांना उलथवणाऱ्यांच्या राज्यातही चाललं.

आणि बाग-ए-फिन?

ती अजून तशीच आहे. सुलेमानियाचं पाणी अजून मातीच्या नळांतून येतं, कारंजी अजून पंपाशिवाय उडतात, सुरूची जुनी झाडं अजून रांगेत उभी आहेत. येणारे लोक शाह अब्बासचा महाल बघतात, फोटो काढतात आणि मग पावलं आपोआप वळतात ती हमामकडं. तिथं मेणाचे पुतळे करून तो प्रसंग मांडलाय. एका बाजूला मारेकरी, एका बाजूला अमीर कबीर.

बागेच्या पाटीवर आजही फिनचं नाव आहे आणि जुन्या कागदांत ती शाहची बाग आहे. पण काशानला जाऊन आलेल्या कुठल्याही इराणी माणसाला विचारा, तो आधी अमीर कबीरचीच गोष्ट सांगेल.